दस्तीखालचा हात

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या आज्जाला म्हाताऱ्या माणसांच्या दिवसाच्या केंद्रातून काढून टाकायचं ठरलं. कारण एकाच शब्दात सांगितलं: वर्तन. केंद्राच्या मॅडमनी तो शब्द फोनवर आईला सांगितला, आईनं मला. बाकीचं ऐकायला समक्ष या म्हणे, फोनवर बोलण्यासारखं नाही.

आमच्याकडं आजोबांना आज्जा म्हणतात. आम्ही देवणीकडची माणसं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं आमच्या मराठीत कानडी कुठून शिरली आणि कुठं जाऊन बसली हे कुणी विचारत बसत नाही. आज्जा जनावरांच्या बाजारातला दलाल. कपाळाला विभूती, हातात काठी, खांद्यावर दस्ती म्हणजे मोठा रुमाल, अशा थाटात तो हाळीच्या, उदगीरच्या, देगलूरच्या बाजारात जन्मभर फिरला. बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून त्याचं वय सांगायचा. मग त्याचं डोकं विस्कटायला लागलं. आधी नातवंडांची नावं गेली, मग लेकाचं, मग आजी वारलेली आहे हेही गेलं. जेवायला बसला की तिला हाक मारायचा आणि ती आली नाही की ताट सरकवून द्यायचा. गावात एकट्याला ठेवणं शक्य नव्हतं. आईनं त्याला लातूरला आणलं.

लातुरात आमची खाणावळ आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून खेड्यापाड्यांतून आलेली पोरं ट्यूशनला पळता पळता आमच्याकडं जेवून जातात. आई पोळ्या लाटते, भाजी टाकते, पोरांच्या आयांना फोनवर धीर देते. वडील पुण्याला कंपनीत, सणाला येतात. आणि मी उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून पत्रकं लिहायचे, वाटायचे, चौकात उभं राहून बोलायचे. लातुरात राहून लातूर तोडा म्हणणारी गल्लीत मी एकटीच. शेजारच्या काकू म्हणायच्या, लातूरचं पाणी पिऊन लातूरच्याच मुळावर उठलीस का गं. मी विचारायचे, कुठलं पाणी, काकू?

कारण पाणी नव्हतंच. नळ कधीचे कोरडे. बाहेरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि दुसरा कार्यक्रम लावला. गल्लीत टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. सकाळी येईल, ऐन जेवणाच्या वेळी येईल, येणारही नाही. हॉर्न वाजला की हातातलं टाकून ड्रम घेऊन पळायचं. जो घरात अडकला त्याचं पाणी गेलं. खाणावळीला पाणी नाही म्हणजे स्वयंपाक नाही, आणि स्वयंपाक नाही म्हणजे आमचं घर नाही. हिशेब एवढा सोपा होता.

या सगळ्यात आज्जा. त्याला घरात कोंडून रांगेत जावं तर तो दार बडवायचा. सोबत न्यावं तर हात सोडवून निघून जायचा. एकदा आई ड्रम भरून घेत होती आणि रस्त्यानं चारा छावणीकडं जनावरं नेणारा ट्रक गेला. आज्जा त्याच्या मागं चालायला लागला. सापडला तो पार नाक्यावर. ट्रक उभा होता, फळकूट पाडलेलं होतं आणि आज्जा एका मरतुकड्या बैलाचा जबडा उघडून दात बघत होता. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारबा बैल घेतो म्हणतात, पण खाली उतरायला तयार नाहीत. आई तिथंच रस्त्यावर बसली. मला फोन करून एवढंच म्हणाली, "एक तर पाणी आणते, नाहीतर मामांना बघते. दोन्ही व्हत न्हाई माझ्यानं." सासऱ्याला ती मामा म्हणते.

त्यानंतर मी हे केंद्र शोधलं. एका नगरातला मागच्या बाजूचा बंगला, कुण्या ट्रस्टनं घेतलेला. सकाळी केंद्राच्या गाडीनं म्हातारी माणसं यायची, संध्याकाळी घरच्यांनी येऊन न्यायची. मधल्या वेळात त्यांना चहा, जेवण, चेंडू फेकणं, चित्रं रंगवणं. पहिल्या दिवशी मॅडमनी आज्जाला स्मरणशक्तीचे प्रश्न विचारले. आज वार कोणता, हा महिना कोणता, आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत. आज्जा म्हणाला, बिदर. मॅडमनी फुली मारली. मी म्हटलं, मॅडम, हा जन्मला तेव्हा आमचं गाव बिदर जिल्ह्यातच होतं. नंतर उस्मानाबादेत गेलं, मग लातुरात आलं. म्हाताऱ्यानं खाटसुद्धा हलवली नाही, सरकारनं जिल्हा हलवला, आणि चूक त्याची? मॅडम हसल्या. फुली तशीच राहिली. मी सोडून दिलं, कारण त्या फुलीपेक्षा मोठी गोष्ट घडली होती. त्या दिवशी टँकर आला तेव्हा आई रांगेत पहिली होती.

पुढं सगळं बरं चाललं होतं. आई भाकरीचं पीठ मळताना गुणगुणायला लागली होती. आणि मग तो फोन.

मॅडमच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे मी आधीच सांगते. त्यांनी पंखा आमच्याकडं वळवला, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आजोबा बायकांचे हात धरतात. नुसते धरत नाहीत, वरून रुमाल टाकून, लपवून धरतात आणि दाबतात. केंद्रात एक निवृत्त शिक्षिका येतात, त्यांच्याशी तर रोज. परवा त्यांचा मुलगा न्यायला लवकर आला आणि त्यानं डोळ्यांनी बघितलं. मोठा माणूस आहे, ट्रस्टमध्ये ओळखी आहेत. तो म्हणाला, एक तर हे राहतील नाहीतर माझी आई.

आईचा चेहरा उतरला. तिनं पदर तोंडाला लावला. सासऱ्याबद्दल असलं ऐकायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

मीही आज्जाची बाजू घेतली नाही. सांगते का. याच गोष्टीवर मी पत्रक लिहिलेलं आहे. बसस्टँडवर, कॉलेजच्या गेटवर, गर्दीच्या जीपमध्ये पोरींच्या अंगाला हात लावणाऱ्यांवर. वय झालंय, चुकून लागला, मनात तसं नव्हतं, ही कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत, असं मी ठळक अक्षरांत छापलेलं आहे. आता माझ्याच घरातला म्हातारा म्हणून मी ती कारणं तोंडावर आणायची होती का? आणली नाहीत. मी म्हटलं, मला एक दिवस आत बसू द्या. जे आहे ते मला बघू द्या. तसं असेल तर तुमच्या आधी मीच त्याला घेऊन जाईन.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. आज्जानं मला ओळखलं नाही. नमस्कार बाई म्हणाला आणि पुढं गेला. सकाळभर काही झालं नाही. एका मावशींनी चेंडू दिला, तो त्यानं खालीवर करून बघितला आणि परत दिला, घेण्यासारखा नाही अशा चेहऱ्यानं. चित्र रंगवायला दिलं, त्यात गाय होती. आज्जा म्हणाला, शिंगं खोटी आहेत. मावशी म्हणाल्या, रंगवा की तशीच. तो म्हणाला, खोट्याला रंग कशाला लावता.

जेवणानंतर तो उठला. त्या शिक्षिका बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. पांढरी साडी, चष्मा, मांडीवर दोन्ही हात. आज्जा त्यांच्या शेजारी बसला. त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, स्वतःच्या उजव्या हातावर पसरली आणि तो झाकलेला हात पुढं केला. बाईंनी आपला हात आत सरकवला. आज्जानं मान दुसरीकडं फिरवली आणि वर पंख्याकडं बघत बसला. दस्तीखाली हालचाल झाली. बाईंनी मान हलवली. पुन्हा हालचाल. आता आज्जानं मान हलवली. हात सोडला, दस्ती झटकली, खांद्यावर टाकली आणि उठून गेला.

मी हे बघितलं होतं. हाळीच्या बाजारात लहानपणी आज्जाच्या धोतराला धरून उभी असताना असंच बघितलं होतं, अगदी पोटाच्या उंचीवरून. चहूकडं जनावरं, धुरळा, माणसांची ही गर्दी, आणि मधे दोघंजण एकमेकांचा हात दस्तीखाली धरून, तोंडं मात्र वेगळ्या दिशेला, जसं काही यांची ओळखच नाही. जनावराचा भाव असाच व्हायचा. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार, सगळा पंजा धरला की पाच. पुढं शेकडा की हजार ते दोघांना माहीत असतं. तोंडातून शब्द नाही. भोवतीच्या गर्दीला भाव कळत नाही, कुणी मधे पडून बिघडवत नाही, आणि नाही म्हटलेलं चारचौघांत ऐकू जात नाही म्हणून कुणाचा अपमान होत नाही. हात सोडला की संपलं. त्या वेळी मी आज्जाला विचारलं होतं की तू वर का बघतोस. तो म्हणाला होता, डोळ्यांत बघितलं की समोरचा भाव वाचतो.

आता आज्जाच्या डोक्यातून घर गेलं होतं, बायको गेली होती, लेकरं गेली होती. बाजार राहिला होता. दिवसभर त्याच्या भोवती अनोळखी माणसं बसवून ठेवली होती. अनोळखी माणसांचं काय करतात हे त्याला एकच माहीत होतं.

मी चेंडूवाल्या मावशींना विचारलं, हा फक्त बायकांचेच हात धरतो का? त्या म्हणाल्या, "न्हाई ओ ताई. सगळ्याईचे धरतो. परवा गाडीच्या ड्रायव्हरचा धरला. मपला बी धरला. दस्ती काढून घेतली एक दिवस, तर टेबलावरचं कापड वढलं म्हाताऱ्यानं." मग हे मॅडमना सांगितलं का? त्या म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही.

मग मी त्या शिक्षिका बाईंकडं गेले. ज्यांच्या हातावरून एवढं रामायण, त्यांना तरी कुणी विचारलं होतं का? मी खाली बसले आणि सरळ विचारलं. बाई, हे आज्जा तुमचा हात धरतात, तुम्हाला त्रास होतो का? मुलगी म्हणून विचारते, खरं सांगा.

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडं बघावं तसं.

"हा विकायला आलाय का घ्यायला, ते एकदा विचार त्याला," त्या म्हणाल्या. "रोज नुसता भाव करून राहिलाय. आमचे वडील असल्या माणसाला दावणीजवळ फिरकू देत नव्हते."

मी हसले, आणि हसता हसता माझं डोकं तापलं. या बाईला सगळं कळत होतं. निलंग्याकडच्या शेतकऱ्याची लेक, बापाचा बाजार बघितलेली. तिचं मास्तरपण पुसट झालं असेल, पोराचं नाव चुकत असेल, पण दस्तीखालचं बोट तिला बरोबर कळत होतं. आणि तिच्या नावानं तिचा मुलगा, मॅडम, ट्रस्ट, सगळे बोलत होते. ती सोडून सगळे.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पण बाईंच्या बोलण्यावर कसं विसंबायचं? त्यांची स्थिती तुम्ही बघताच आहात."

म्हणजे बघा. बाईंच्या हाताला धक्का लागला की तो बाईंचा हात. त्या हाताबद्दल बाई बोलल्या की ती बाईंची स्थिती. माणूस विसरायला लागला की त्याची तक्रारसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची होते, हे मला तिथं कळलं. मी आवाज चढवला. मॅडमनीही चढवला. नियम नियम असतो म्हणाल्या.

तेवढ्यात आई आली. ती आज्जाला न्यायला आली होती, पदराला पीठ लागलेलं. दाराशी उभं राहून तिनं थोडं ऐकलं, आणि माझ्याकडं न बघता मॅडमना म्हणाली, तुम्ही एकदा हात तर द्या त्यांना. मॅडम म्हणाल्या, मी? आई म्हणाली, हाव, तुम्हीच. तिनं आज्जाला आत आणून खुर्चीवर बसवलं.

मॅडमनी संकोचत हात पुढं केला. आज्जानं दस्ती टाकली. मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. मॅडमच्या चेहऱ्यावर आधी अवघडलेपण होतं, मग भुवया गोळा झाल्या, मग कुणी शाळेतलं कोडं घातल्यासारख्या त्या हाताकडं बघायला लागल्या.

"एष्टु?" आज्जानं हळूच विचारलं. किती, असं कानडीत.

"ते तुम्हाला विचारतात किती," आई म्हणाली. "पटत नसलं तर हात सोडा. राग येत न्हाई त्यांना."

मॅडमनी हात सोडला. आज्जानं दस्ती झटकली आणि खिडकीकडं निघून गेला. मॅडम म्हणाल्या, मला पटतंय. पण तक्रार वरपर्यंत गेली आहे. विश्वस्तांची बैठक होईल, मी माझ्या बाजूनं मांडते.

बैठक झाली. मॅडमनी मांडलंही असेल, मी नाकारत नाही. ठराव असा झाला की आजोबांना केंद्रात ठेवता येईल, मात्र घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत बसलं पाहिजे.

हा ठराव वाचून मी मोठ्यानं हसले. घरचं माणूस मोकळं असतं तर आम्ही त्याला केंद्रात कशाला आणलं असतं? दवाखाना काढायचा आणि म्हणायचं, रोगी बरा असेल तरच या. आणि घरचं माणूस म्हणजे कोण, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. वडील पुण्याहून येऊन बसतील असं त्या बैठकीतल्या एकाच्या तरी मनात आलं असेल का? घरचं माणूस म्हणजे बाई. आई नाही तर मी. मॅडमसुद्धा समजुतीनं म्हणाल्या, तुम्ही आहात ना, तुम्हाला कुठं नोकरी आहे. काकू म्हणाल्या, बरं झालं, उन्हातान्हात भोंगा घेऊन हिंडायचं तरी बंद होईल.

त्याच आठवड्यात मी उदगीरला, जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीच्या बैठकीला गेले. नवं पत्रक काढायचं होतं. मागण्या नेहमीच्या: कलेक्टर ऑफिस, कोर्ट, एसपी ऑफिस, मोठा दवाखाना. मी म्हटलं, यात एक ओळ घाला. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी प्रत्येक तालुक्याला सरकारी दिवसाचं केंद्र. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. आमचे अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, आधी जिल्हा होऊ दे. मग तुझ्या आज्जाला पाळणाघर काढू, चांदीचा पाळणा बांधू."

सगळे हसले. मी विचारलं, अध्यक्ष, तुमच्या घरी तुमच्या आईला कोण बघतं? ते म्हणाले, घरात बायका आहेत की. मी म्हटलं, त्यांच्यापैकी एक तरी या बैठकीला कधी आली का? चहा आला. चहा नेहमी अशाच वेळी येतो.

ती ओळ पत्रकात आली नाही. वर मीच सांगितलं की काही दिवस मला येता येणार नाही, घरचं माणूस म्हणून बसायचं आहे. तर त्यातला एक जण मान डोलवत म्हणाला, ते तर बाईमाणसाला करावंच लागतं. कोणत्या जिल्ह्यात राहून करायचं तेवढंच काय ते यांच्यासाठी बदलणार होतं.

मी बसायला लागले. खरं सांगायचं तर मला तिथं करण्यासारखं काही नव्हतं. आज्जाला मावशी जेवायला घालायच्या, ड्रायव्हर संडासला न्यायचा. मी खुर्चीवर बसून राहायचे, म्हणजे ठराव पाळला जायचा. आज्जा हात धरायचाच. माझ्या समोर धरला की ते वर्तन नव्हतं, माझ्या मागं धरला की होतं. मी केंद्राची रखवालदार होते, आणि राखत कुणाला होते तर केंद्रालाच.

शिक्षिका बाईंचा मुलगा रोज दिसायचा. गाडीतून उतरायचा, माझ्याकडं बघायचा नाही, आईला घेऊन जायचा. एकदा मी आडवी गेले आणि म्हटलं, तुमच्या आईला विचारा एकदा. तो मला म्हणाला, हे बघा, माझी आई सध्या काही सांगण्याच्या अवस्थेत नाही. बाई त्याच्या मागंच उभ्या होत्या. म्हणाल्या, अरे, ही विचारते ते ऐक तरी. तो म्हणाला, हो आई, चल.

इकडं घरी गणित बिघडायला लागलं. मी केंद्रात, आई एकटी. टँकर आला की तिला चूल विझवून पळावं लागायचं. भांडणं होतात म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ जमायला बंदी होती, त्यामुळं सगळी गर्दी गल्लीतल्या टँकरवर तुटून पडायची. बरीच पोरं पाण्याला कंटाळून गावाकडं निघून गेली होती. जी राहिली होती ती आमच्या भरवशावर राहिली होती. पाणी चुकलं की ती उपाशी पेपरला जाणार. आई मला काही बोलत नव्हती. पण तिच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. ड्रमखाली सापडलं म्हणाली.

एका दुपारी तिचा फोन आला. मागं नुसता आरडाओरडा. तिला धड बोलता येत नव्हतं. रांगेत तिचा ड्रम मागं ढकलून दिला होता, ती पाइप धरायला गेली की ड्रम सरकवत होते आणि ड्रम धरायला गेली की पाइप दुसऱ्याकडं जात होता. एवढंच म्हणाली, "तू लांब हायस का गं लई?"

लांब नव्हते. चालत जाण्याइतक्या अंतरावर एका खुर्चीवर बसले होते, रिकाम्या हातांनी. शिक्षिका बाईंच्या भल्या मुलाच्या समाधानासाठी.

मी उठले. चपला घातल्या. मॅडम व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, कुठं निघालात?

"पाण्याला," मी म्हटलं.

"आणि आजोबा?"

"ते आत आहेत. तुमच्याकडं."

"ठराव तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मोडते आहे. काढायचं असेल तर त्याला तुम्ही स्वतः घरी घेऊन या आणि आईच्या हातात द्या. ती तुम्हाला रांगेत सापडेल."

मी त्यांच्या उत्तराला थांबले नाही. गेटची कडी काढली आणि चालायला लागले. मागून हाक येईल असं वाटत होतं, नाही आली. गल्लीत पोचले तेव्हा टँकरची शेवटची धार चालू होती. मी ड्रम पुढं ओढला, आईनं पाइप धरला. कुणी तरी म्हणालं, आली बघा पुढारीण. मी म्हटलं, हो आली, सरका. ड्रम पूर्ण भरला नाही, पण रात्रीच्या स्वयंपाकापुरता भरला. आईनं विचारलं, मामा कुठं हायत? मी सांगितलं. ती म्हणाली, काढून टाकतील गं त्यांला. मी म्हटलं, टाकू दे. मग मी तिथं गेटवर बसेन, आत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन का बसले ते.

संध्याकाळी आज्जाला आणायला आम्ही दोघी गेलो. इतर घरची माणसं आली होती तशाच, त्याच गर्दीत. मॅडम दाराशी उभ्या होत्या. दिवसभरात काय काय झालं ते प्रत्येकाला सांगत होत्या. तुमच्या वडिलांनी आज भात खाल्ला नाही, तुमच्या सासूबाई छान झोपल्या. आमची पाळी आली. मी सगळी तयारी करून गेले होते, भाषण पाठ होतं.

मॅडम म्हणाल्या, "आजोबांनी दुपारी दोनदा वरण मागून घेतलं. पाणी कमी पितात, घरी लक्ष द्या."

मी म्हटलं, "उद्या?"

त्या आईकडं बघून बोलल्या, माझ्याकडं नाही. "उद्या गाडी नेहमीच्या वेळी येईल. तयार ठेवा त्यांना."

ठराव रद्द झालेला नाही. तो अजून त्यांच्या दप्तरात असेल. तो मुलगा अजून माझ्याकडं बघत नाही, आणि त्यानं आईला काढूनही नेलेलं नाही. मॅडमनी त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि आभारही मानले नाहीत. जे आमचं होतं त्याचे आभार कसले? दुसऱ्या दिवशी गाडी आली. ड्रायव्हरनं आज्जाला हात देऊन वर घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, सोबत कोण येतंय? आई पीठ मळत होती. तिनं आतूनच ओरडून सांगितलं, कुणी नाही.